आतला फोटो

अण्णा माणसाचा फोटो काढायच्या आधी त्याला चहा पाजत. घाईत आलेलं गिऱ्हाईक कितीही कुरकुरलं तरी चहा येईपर्यंत कॅमेऱ्याला हात लागायचा नाही. "तोंड अजून रस्त्यावरच हाय तुमचं. ते आत येऊ दे, मग काढतो," असं म्हणून ते समोर स्टूल ओढून बसायचे आणि प्रश्न विचारायला लागायचे. गाव कुठलं, यंदा भात कसं आलं, फौजेत असलात तर बर्फात बंदूक गोठते का, गोठली तर काय करता. बोलता बोलता माणूस स्वतःला विसरायचा आणि तेवढ्यात अण्णा उठून फोटो काढून मोकळे व्हायचे. बेळगावच्या कॅम्पात त्यांचा छोटासा स्टुडिओ होता. तिथं काढलेल्या पासपोर्टच्या फोटोतसुद्धा माणूस माणसासारखा दिसतो, अशी त्याची ख्याती होती.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडिलांना मी आप्पा म्हणते. एका आईच्या पोटी दोन इतकी वेगळी माणसं कशी आली, याचं घरात सगळ्यांना नवल. अण्णांना दिसेल ती वस्तू आतून बघायची असायची. आप्पांचं म्हणणं, देवानं झाकण लावलंय ते उगाच लावलेलं नाही. मिक्सर बिघडला की अण्णा पंचा अंथरून त्याचे स्क्रू काढायला बसत आणि आप्पा पिशवी घेऊन नवा मिक्सर आणायला निघत. बहुतेक वेळा आप्पांचा मिक्सर आधी घरी यायचा, हेही सांगायला हवं.

अण्णांच्या प्रश्नांना स्थळकाळाचं बंधन नव्हतं. एकदा दातांच्या डॉक्टरांचा हात तोंडात असतानाच त्यांनी विचारलं, हे यंत्र फिरतं कशावर? डॉक्टरांनी हात बाहेर काढला, आधी उत्तर दिलं आणि मग दात काढला. लग्नाला गेलं की पंगतीत त्यांचं पान वाढलेलं आणि हे मागं आचाऱ्यापाशी उभे, जिलबीचं पीठ किती आंबवलं ते विचारत. काकू चिडायच्या. "ह्यांना यमराज न्यायला आला तर त्याला रेड्याचं वय विचारतील," असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या. अण्णा खो खो हसायचे.

छातीचं प्रकरण सुरू झालं ते उचगावच्या एका लग्नात. दिव्यांचे स्टँड उचलून मांडवात नेताना अण्णा मध्येच थांबले. मी सोबत होते. घाबरून विचारलं तर म्हणाले, "इथं कुणी तरी तळहात ठेवल्यावानी होतंय बघ. दाबत न्हाय, नुसता ठेवतंय. थांबलो की काढून घेतंय. गंमत हाय की न्हाय?" दुसऱ्या कुणाच्या तरी छातीची हकिकत सांगावी तसा त्यांचा सूर होता. घरी काकूंनी ओवा दिला. आप्पांनी पित्त ठरवून विषय मिटवला. मिटला नाही तो अण्णांच्या डोक्यातला प्रश्न. स्टँड उचलला की होतं आणि बसलं की जातं, असं का?

तो प्रश्न घेऊन आम्ही हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो आणि त्यांनी ईसीजी काढला. तो अगदी नीट आला. कुणीही पेढे वाटले असते, पण अण्णांचं समाधान नाही. "डॉक्टर, मी पडलोय तवा ते गप्पच हाय. बसलेल्या माणसाचा फोटो काढून तो पळतो कसा ते कळंल काय?" डॉक्टर हसले आणि म्हणाले, बरोबर आहे, आता चालवून बघू. पण पट्ट्यावर चालायच्या तपासणीत अण्णांचा गुडघा आधी बोलला आणि ती अर्धवट राहिली. मग डॉक्टरांच्या हातून एक चूक झाली. आणखी कुठल्या तपासण्या असतात, ते त्यांनी अण्णांना सांगितलं.

झालं. बाहेर पेशंट खोळंबलेत आणि आत अण्णांची उलटतपासणी चालू. औषध देऊन काळीज पळवायचं आणि सोनोग्राफीसारख्या यंत्रानं त्याच्या भिंती कशा हलतात ते बघायचं, ही एक तऱ्हा. किरणोत्सारी औषध टोचून हृदयाच्या कुठल्या भागाला रक्त कमी पोचतंय ते बघायचं, ही दुसरी. आणि तिसरीत हातातल्या शिरेतून रंगद्रव्य सोडून सीटी स्कॅनवर थेट हृदयाच्या रक्तवाहिन्यांचीच चित्रं घ्यायची. कुठंही चिरफाड नाही. तुमच्यासाठी तिसरी योग्य, असं डॉक्टर म्हणाले. अण्णांना ते पटलं, पण धंद्यातली एक शंका उरली. "काळीज तर सारखं हलतंय. हलत्या वस्तूचा फोटो फिसकटतो. तुम्ही काढता तो कवा?"

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. बहुधा हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. म्हणाले, दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय क्षणभर विसावतं. छातीला लावलेल्या वायरी यंत्राला तो क्षण सांगतात आणि त्या क्षणाची चित्रं घेतली जातात. ठोके जितके सावकाश, तितकं चित्र स्वच्छ. घरी येईपर्यंत रिक्षात अण्णा एकच घोकत होते. "विसावतंय म्हणं गं! जन्मभर पळणारं ते, आणि मधल्या मधी विसावतंय!"

तपासणीच्या दिवशी घोटाळा केला तो अण्णांनीच. आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद, असं बजावून सांगितलं होतं. आम्ही सगळे कागद करत होतो तेवढ्यात हा माणूस हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये जाऊन दोन कप चहा पिऊन आला. आत सिस्टरनं नाडी बघितली तर ती भरधाव. गोळी दिली, वाट बघितली, तरी उतरेना. तिनं संशयानं विचारलं, "अज्जा, च्या कुडदीरेनरी?" चहा प्यालात काय, या प्रश्नाला अण्णांनी निरागसपणे मान डोलावली. "फोटो काढायचा म्हटल्यावर चहा नको? त्याशिवाय माणूस निवांत व्हतोय व्हय?" चाळीस वर्षं लोकांना निवांत करणारी वस्तू काळजाला पळवते, हे ऐकून ते खरोखर चकित झाले. दुसऱ्या दिवशी परत यायला सांगितलं. आप्पा वैतागले. "बघा, देवाच्या मनातच न्हाय," असं म्हणाले आणि मला वाटतं, त्यांना जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकू पहाऱ्याला बसल्या आणि तपासणी झाली. "रंग सोडला की अंगभर ऊन ऊन वाटतंय, आणि मग असं वाटतंय की चड्डी भिजली. भिजत न्हाय," हे अण्णांनी बाहेर बसलेल्या सगळ्या घाबऱ्या मंडळींना मोठ्यानं सांगितलं. मग चित्रं दाखवायला डॉक्टरांनी आत बोलावलं. पडद्यावर अण्णांचं हृदय होतं, त्यावर वेलीसारख्या पसरलेल्या वाहिन्या. अण्णा चष्मा पुसून पुढं वाकले. "काय देखणं हाय गं हे!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एका मोठ्या वाहिनीत पांढरा चुना साठला होता आणि पुढं ती दोऱ्याएवढी बारीक झाली होती. तिथं बोट ठेवून अण्णाच म्हणाले, "हा तो तळहात."

त्यांना स्टेंट बसला आणि ते महिन्याभरात स्टुडिओत परतले. पण निघताना डॉक्टरांनी एक गोष्ट विचारली होती, वडील कशानं गेले? माझे आजोबा निपाणीला तंबाखूच्या बाजारात उभ्या उभ्या खाली बसले ते उठलेच नाहीत. अण्णा आणि आप्पा तेव्हा शाळेत होते. हे ऐकून डॉक्टर आप्पांकडे वळले आणि म्हणाले, तुम्हीही दाखवून घ्या. आप्पांनी मान हलवली आणि रिक्षा बघायला निघून गेले.

तिथून अण्णांचं लक्ष आप्पांवर. संध्याकाळी दोघे कॅम्पातून फिरायला जात. आप्पा हल्ली चढावर थांबायचे आणि दुकानांच्या पाट्या वाचत उभे राहायचे. पाट्या कन्नड. आप्पांना कन्नड बोलता येतं, वाचताना मात्र घाम फुटतो. फोटो काढणाऱ्याच्या नजरेतून हे सुटलं नाही. "तुला कन्नडची गोडी कधीपास्नं लागली रं?" अण्णांनी विचारलं. "चुना साठलेल्याच गल्लीत उभा ऱ्हायलाइस तू." आप्पा चिडले. चार दिवस फिरायला गेले नाहीत. अण्णांनी चित्रं दाखवली तर मान फिरवली. मी रडले, काकूंनी शपथ घातली. आप्पांचं एकच, "मला काय होत न्हाय. बघितलं की निघतंय. कशाला बघायचं?"

शेवटी एका दुपारी स्टुडिओत आम्ही तिघेच होतो. अण्णांनी दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता मोठं भाषण. पण ते गिऱ्हाइकाच्या स्टुलावर आप्पांसमोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला लई भ्या वाटलं रं त्या यंत्रात."

आप्पांनी वर बघितलं. अण्णांना भीती वाटते, हे आमच्या घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं.

"बाबांना घरात आणून ठेवलं तवा मी कुणालाच काय इचारलं न्हाय," अण्णा म्हणाले. "काय झालं, कसं झालं, कायबी न्हाय. घरी सगळे रडालते, इचारायचं कसं? तवापास्नं भ्या वाटलं की मी इचारत सुटतो. यंत्रात पण तेच केलं. यंत्र चालवणारी ती पोरगी कंटाळली असंल. आता तुझं भ्या वाटतंय. आणि तुझ्या आतलं मी कुणाला इचारू, सांग."

बाहेरून फौजेची एक गाडी गेली. आप्पा धोतराचा सोगा हातात धरून नुसते चाळवत होते. मग त्यांनी खाली बघतच विचारलं, "आत किती येळ ठेवतात?"

माझ्या उभ्या आयुष्यात आप्पांनी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न. अण्णांनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाले, "लई न्हाय. मी दाराशी हाय."

आप्पांच्या चित्रात जे दिसलं ते अण्णांपेक्षा वाईट होतं. तीन वाहिन्या, त्यातली एक जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, अजून थांबला असतात तर मला भेटलाच नसतात. बायपास झाली. आप्पा शुद्धीवर आले तेव्हा अण्णा पायाशी उभे होते आणि सिस्टरला विचारत होते की पायातली शीर काढून छातीत बसवली, तर आता पायाचं काय? पुढं दर तपासणीला आप्पांसोबत अण्णाच जायचे. आप्पा कॉटवर गप्प पडायचे आणि अण्णा त्यांच्या वतीनं डॉक्टरांना पिळून काढायचे. बाहेरचे पेशंट आम्हांला ओळखायला लागले होते. आम्ही दिसलो की ते घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगत.

गेल्या श्रावणात अण्णा न्यूमोनियानं गेले. काळीज शेवटपर्यंत चांगलं चाललं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी मात्र त्या काळजाचाही राग राग केला.

पंधरवड्यानं आप्पांची तपासणी होती. मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती बघितली, रक्तदाब बघितला, गोळ्या त्याच ठेवल्या. मग सवयीनं पेन खाली ठेवून ते थांबले. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं डॉक्टरच म्हणाले, "बरं, या मग."

जिना उतरताना आप्पांनी कठडा धरला. मला वाटलं, दम लागला. जवळ गेले तर त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. म्हणाले, "इतक्या लवकर कधी सुटलो नव्हतो गं आपण."