आजही हरलो, जावईबापू

हिच्या मामांएवढा हट्टी माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये शोधून सापडणार नाही. ही म्हणजे माझी बायको आणि मामा म्हणजे लेस्टरच्या हॉस्पिटलात जन्मभर पेशंटना भूल देऊन रिटायर झालेले डॉक्टर. रिटायर झाले तरी लोकांना झोपवायची सवय गेली नाही. आता इंजेक्शन लागत नाही, बेसबॉल पुरतो. तो पण आजचा नाही. शंभर वर्षांहून जुना, अमेरिकेतला, एका टीमचा एकच सीझन! त्या टीमच्या मालकानं दुसऱ्या गावची टीम विकत घेतली, चांगले प्लेअर तिकडे नेले आणि गाळ इथं ठेवला. गाळ शंभरावर मॅचेस हरला. बघायला कुत्रं येईना. मग बाकीच्या टीम म्हणाल्या, तुमच्या गावात येऊन आमचा खर्च पण निघत नाही. तेव्हा हे बिचारे गावोगाव फिरून लोकांच्या दारात जाऊन हरले. घराजवळ चांगलं फुटबॉल आहे, क्रिकेट आहे, आणि माणसानं जीव लावला कोणावर, तर यांच्यावर.

बरं, नुसता जीव लावून थांबतील तर ते मामा कसले. एप्रिल आला की तो सीझन पहिल्यापासून जगायला घ्यायचा. ज्या तारखेची मॅच, त्याच तारखेला, दुपारच्या चहाबरोबर, तेव्हाच्या पेपरची फोटोकॉपी वाचायची. पुढचं पान उलटायचं नाही. सगळं तोंडपाठ, तरी उलटायचं नाही. जिंकले तर शिरा, हरले तर नुसता चहा. त्या घरात रवा वर्षानुवर्षं पुरतो. एका वर्षी मंडळाच्या गणपतीत बर्मिंगहॅमचे एक डॉक्टर गमतीत म्हणाले, "काय हो, तुमची टीम शेवटी तळालाच ना?" मामांनी हातातला मोदक ताटात परत ठेवला. म्हणाले, "अहो, सप्टेंबर चालू आहे. निकाल सांगू नका."

गेल्या वर्षी मामांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर बघावं तर मधोमध डाग, अक्षर म्हणून दिसेना. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात एकटेच. ब्रॅकनेलहून मुलगी आली. ती तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि जन्म इथलाच, त्यामुळे मराठी बोलते ती वन-वेमध्ये उलटी गाडी घातल्यासारखी.

"बाबा, तू माझ्याकडे ये. माझी घर मोठा आहे, खाली टॉयलेट पण आहे."

"ऑक्टोबरपर्यंत नाही."

"व्हाय ऑक्टोबर?"

"सीझन चालू आहे."

"बाबा, दे लॉस्ट! हंड्रेड इयर्स अगो!"

"मला अजून कळलेलं नाही," मामा म्हणाले.

तिनं कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "ओके. रोज कोणी येऊन तुला बघणार असेल तरच. एक दिवस मिस झाला, की मी गाडी घेऊन आली." जमलेली सगळी मंडळी माझ्याकडे वळली. बेलग्रेव्ह रोडवरच्या मिठाईच्या दुकानात मी पहाटे तळणीला लागतो, दुपारी मोकळा. शिवाय आमच्या नातेवाइकांत रिकामटेकडा म्हणून माझा नंबर पहिला, दुसऱ्या नंबरसाठी कोणी उभंसुद्धा राहत नाही.

आता गंमत बघा. मी सातवीत शाळा सोडली, खरं म्हणजे शाळेनंच हात जोडले. माझं इंग्रजी म्हणजे "नेक्स्ट प्लीज" आणि "नो रिफंड". मी त्या माणसाला जुन्या अमेरिकन पेपरातली मुंगीएवढी अक्षरं वाचून दाखवायची! पहिल्याच आठवड्यात मामा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही वाचता तेव्हा आम्ही हरत नाही, आमचा खून होतो." तरी मी रोज जायचो. मी वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे, मग म्हणायचे, "आजही हरलो, जावईबापू." आणि आम्ही नुसता चहा प्यायचो.

सप्टेंबरात त्यांना ताप आला. चेहरा एवढा उतरला की मला दया आली. दया आणि अक्कल माझ्याकडे एकत्र कधी मुक्कामाला येत नाहीत. मी सरळ टीम जिंकवून टाकली.

"जिंकलो?" मामा उठून बसले.

"दणदणीत!"

"आणि तिसऱ्या बेसवरच्या माणसाच्या हातून बॉल सुटला नाही?"

"छे हो, काय मस्त घेतला!"

मामांनी कप खाली ठेवला. "तो बॉल सुटतो, जावईबापू. दरवर्षी सुटतो. तो सुटला की मी त्या माणसाला मनसोक्त शिव्या घालतो. तेवढंसुद्धा काढून घेता? मी काय भिकारी आहे, माझ्या वाटीत विजय टाकायला? निघा. उद्यापासून येऊ नका."

दुसऱ्या दिवशी दार बंद. बेल वाजवली, हाका मारल्या. आतून नुसता खोकला ऐकू येत होता. आज चुकलं तर मुलगी गाडी घेऊन येणार आणि सीझन तिथंच संपणार, हे त्यांना कळत होतं, मला कळत होतं, पण हट्ट! सरावासाठी घरी नेलेला कागद माझ्या खिशात होता. मी पायरीवर गुडघे टेकले, दारातली पत्र टाकायची फट वर केली आणि तोंड घालून वाचायला लागलो. शेजारची इंग्लिश बाई कुत्रा घेऊन आली. "इज एव्हरीथिंग ऑलराइट, लव्ह?"

मी म्हटलं, "वी आर लूझिंग."

ती हळूच निघून गेली, कुत्रा मात्र मागे वळून बघत होता. आधी कालचा बॉल इमानदारीत सुटू दिला, मग आजचे दोन. तेवढ्यात आतून आवाज आला, "मोठ्यानं वाचा. पाचवी इनिंग गिळलीत." आणि दार उघडलं.

ऑक्टोबरात शेवटचा दिवस आला. मामांची बॅग भरून दाराशी, मुलगी गाडीत. शेवटच्या मॅचला त्या टीमकडे बॉल टाकायला धड माणूस उरला नव्हता, तेव्हा हॉटेलात सिगार विकणाऱ्याला उभा केला. मी वाचताना थांबलो. काउंटरवरचा माणूस, कामाचा ना धामाचा, दुसरं कोणी नाही म्हणून उभा केलेला... हा मला ओळखीचा वाटला. हरलेच. पण पुढे मामा तोंडपाठ बोलायला लागले. टीमबरोबर हिशेब बघायला एक माणूस हिंडायचा. प्लेअरांनी त्याला हिऱ्याचं लॉकेट दिलं. कारण सगळ्या मॅचेस बसून बघायचं दुर्दैव त्या एकट्याच्या वाट्याला आलं.

एवढं बोलून मामांनी खिशातून त्यांचं वाचायचं भिंग काढलं, पितळी मुठीचं. कागदांच्या गठ्ठ्यासकट माझ्या हातात दिलं. म्हणाले, "हिरे नाहीत. आणि आता मला त्यातनंही दिसत नाही." बाहेर मुलीनं हॉर्न दिला. मी भिंग खिशात घातलं. त्यांची बॅग उचलली.

हिवाळाभर दुपारी मी नुसताच घरी बसायचो. चहा कडू लागायचा, ही म्हणाली, "साखर घालायची असते." परवा एप्रिल लागला आणि ठरलेल्या दुपारी फोन वाजला. ब्रॅकनेल.

"जावईबापू, कागद आहेत ना? आज पहिली मॅच." मामांचा आवाज जरा बारीक झाला होता. "यंदा टीम मला बरी वाटते आहे."

मी भिंग शर्टाला पुसलं. "हो मामा," म्हटलं, "यंदा बघू." आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हिला हाक मारली, "अगं, रवा आहे का घरात?"