लातूरचं लॉगिन

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. घरात जुन्या नोकरीचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. निवृत्तीच्या दिवशी माझ्या कामाबद्दल चार चांगले शब्द बोलले गेले, तेव्हाही हेच डोक्यात होतं. मी मान खाली घालून हार घालून घेतला आणि लोकांना तो विनय वाटला. आता लिहितो आहे, कारण एका माणसाबद्दल आमच्या नांदेड-लातूरच्या वर्तुळात अजून हळू आवाजात जे बोललं जातं ते खोटं आहे. ते खोटं आहे हे पक्कं माहीत असलेला माणूस मी आहे.

आमची शिक्षण संस्था. मुख्य कार्यालय नांदेडला, मोठी शाखा लातूरला, कंधारला एक शाळा. मी नांदेडला मुख्य लिपिक होतो. संस्थेनं स्वतःची वेबमेल घेतली तेव्हा ती शिकायला कुणी तयार होईना, म्हणून ती माझ्याकडे आली. नवीन माणसाला खातं उघडून द्यायचं, कुणी पासवर्ड विसरला की बदलून द्यायचा, कुणी सोडून गेला की त्याचं खातं बंद करायचं, एवढंच काम. पण सगळ्यांची दारं माझ्या हातात होती. एका चौकटीतली खूण काढली की माणूस बाहेर. कार्यालयातली पोरं मला "वॉचमन" म्हणायची. मला ते आवडायचं, हे कबूल करतो.

लातूर शाखेत लिपिकाचं काम जो बघायचा, त्याच्याबद्दल हे सगळं आहे. माझ्यापेक्षा थोडा लहान. वडील नायगावकडचे शेतमजूर. घरात कॉलेज पाहिलेला हा पहिला. फोन केला की तो "जय भीम दादा" म्हणायचा आणि मी "नमस्कार भाऊ" म्हणायचो. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. त्यात कधी काही खटकलं नाही. मला तरी नाही. त्याला खटकलं असेल का, हे विचारायची वेळ मी येऊ दिली नाही.

त्या वर्षी लातूर शाखेतले कार्यालय अधीक्षक निवृत्त होणार होते आणि त्या जागेवर तोच बसणार हे सगळे धरून चालले होते. त्यानं स्वतः तसं कधी म्हटलं नाही. एकदा फक्त म्हणाला, "दादा, लेकीला सांगून बसलोय, बापाच्या टेबलावर आता पाटी येणार म्हणून. न्हाई आली तर लई पंचाईत हाय."

मग लिपिकांच्या भरतीची लेखी परीक्षा आली. प्रश्नपत्रिका बाहेरच्या एका प्राध्यापकांनी तयार करून परीक्षेच्या मेल खात्यावर पाठवली. त्या खात्याचा पासवर्ड दोघांना ठाऊक होता. नांदेडला मला आणि लातूरला त्याला, कारण दोन्हीकडे छपाई करायची होती. लातूरची छपाई परीक्षेच्या आदल्या दिवशी व्हायची होती, तोवर तिकडून खातं उघडायचं कारण नव्हतं. परीक्षा झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात तक्रार आली की प्रश्न आधीच फुटले होते. कुणा उमेदवाराचा मामा चहाच्या टपरीवर बढाई मारत होता म्हणे.

सचिवसाहेबांनी मला बोलावलं. "खातं कोणी कधी उघडलं, हे दिसतं का तुमच्या त्याच्यात?"

दिसत होतं. वेबमेलमध्ये एक पान होतं; दिवस, वेळ, आणि कुठून उघडलं त्या गावाचं नाव. प्रश्नपत्रिका आली त्या दिवशी सकाळी नांदेड, संध्याकाळी नांदेड, आणि मधे दुपारी एकदा लातूर.

मी ते पान सचिवसाहेबांपुढे ठेवलं. ठेवताना मला सुटल्यासारखं वाटलं. पासवर्ड जाणणारे दोघंच. मी काही केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. मग राहिला कोण?

त्यानंतर मी त्याच्याकडे कसं बघायला लागलो, ते लिहायला हवं. मी त्याच्या खात्याच्या जुन्या नोंदी काढल्या. तो सकाळी कार्यालय उघडायच्या आधी मेल बघायचा. आधी का? कोणी नसताना? मागच्या वर्षी त्यानं माझ्याकडून पासवर्ड दोनदा बदलून घेतला होता. कशासाठी? कुणाला कळला होता? माझ्या स्वतःच्या नोंदी काढल्या असत्या तर त्याही अशाच दिसल्या असत्या. त्या मी काढल्या नाहीत. कार्यालयात तर सगळेच एकमेकांकडे तिरके बघायला लागले. पासवर्ड टाकताना लोक दुसऱ्या हातानं कीबोर्ड झाकायचे. एक बाई तर पदर पुढे घ्यायच्या. शिपाई हसून म्हणाला, "साहेब, जेवतानाबी असं झाकत न्हाईत लोकं." मी त्याच्यावरही ओरडलो आणि नंतर विचार करत बसलो, हा एवढा हसतो का?

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी सचिवसाहेबांचा फोन आला. "त्याचं सगळं बंद करा. परीक्षेचंही आणि त्याचं स्वतःचंही. त्याला कळवू नका. बघू काय करतो."

मी दोन खुणा काढल्या.

सकाळी त्याचा फोन आला. "जय भीम दादा. माझा पासवर्ड चालून न्हाई राहिला. चुकीचा हाय म्हणून राहिलाय."

मला तेव्हा काहीही बोलता आलं असतं. विचारू नका, वरून आदेश आहे, एवढं तरी म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "सर्व्हरचं काहीतरी असेल भाऊ. थोड्या थोड्या वेळानं टाकून बघा."

"हाव. बघतो."

तो दिवसभर टाकून बघत राहिला. सांगितलेलं काम मन लावून करणारा माणूस. आधी स्वतःच्या खात्यावर, मग परीक्षेच्या खात्यावर, पुन्हा स्वतःच्या. बंद खात्यावर कुणी पासवर्ड टाकला की माझ्या पडद्यावर लाल ओळ उमटायची. संध्याकाळपर्यंत पडदा लालच झाला होता. दुपारी त्यानं मला आणखी एकदा फोन केला, मी उचलला नाही.

चौकशी समिती नांदेडला बसली. सचिवसाहेब, दोन संचालक आणि नोंदी दाखवायला मी. त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. आधी लातूरची ती दुपारची नोंद निघाली. त्याला आत घेतलं.

तो म्हणाला, "साहेब, त्या दिवशी मी लातुरात नव्हतोच. रजा टाकून हिमायतनगरला गेलो होतो, बहिणीच्या घरी. भाचीची सोयरीक जमवायला. पाचपन्नास माणसं होती. कुणालाबी विचारा."

एक संचालक म्हणाले, "त्यांचीच माणसं. ते तेच सांगणार."

'त्यांची' म्हणजे काय, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. मलाही कळलं आणि मी कागद सरळ करत राहिलो.

दुसरे म्हणाले, "अन् तुम्ही नसाल, पण पासवर्ड कुणाला देऊन गेला नसाल कशावरून?"

"मी कुणाला दिला न्हाई."

"तेच तर म्हणतो. कशावरून?"

संशय घ्यायचं एकदा ठरलं की माणूस लातुरात होता तरी अडकतो, नव्हता तरी अडकतो. तो माझ्याकडे बघत होता. पासवर्डचं मला कळतं, मी काहीतरी बोलेन, असं त्याला वाटलं असावं.

त्याला बाहेर पाठवल्यावर सचिवसाहेबांनी लाल ओळींचा कागद उचलला. "आणि हे काय?"

मी म्हणालो, "खातं बंद केल्यानंतरचे प्रयत्न आहेत."

"बघा. बंद केलं तरी दिवसभर घुसायला बघतोय. परीक्षेच्या खात्यातसुद्धा. खुणा पुसायच्या असतील."

मी गप्प बसलो.

मी चुकलो, हे म्हणणं सोपं आहे आणि त्यात खोटेपणाही आहे. दुपारच्या नोंदीबद्दल मी चुकलो होतो. या ओळींबद्दल चुकलो नव्हतो. त्या का उमटल्या, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. खातं बंद आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि टाकून बघा असं मी सांगितलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्ही त्याला फोनवर असं का सांगितलं? तुमचं त्याचं काय आहे? आणि पासवर्ड जाणणारे दोघंच होते.

पेपर त्यानं फोडला हे सिद्ध झालं नाही. पण अधीक्षकाची जागा दुसऱ्याला गेली आणि त्याला कंधारच्या शाळेत ग्रंथालयाचं काम देऊन पाठवलं. घर लातूरला, बायको-लेक लातूरला, हा कंधारला खोली करून. त्यानं भांडण केलं नाही. मला मात्र पुन्हा कधी फोन केला नाही.

पुढे मी सगळ्या खात्यांना ओटीपी लावला. नोंदवलेला मोबाइल कार्यालयाचा, तो शिपायाच्या टेबलावर चार्जिंगला असायचा. आकडे आले की शिपाई व्हरांड्यातून सगळ्यांना ऐकू जातील असे ओरडून सांगायचा. याला आम्ही सुरक्षा म्हणत होतो.

काही महिन्यांनी कार्यालयाचं इंटरनेट बंद पडलं. नळाच्या पाइपसाठी रस्ता खोदताना जेसीबीनं वायर तोडली होती. मी माझ्या मोबाइलचं नेट संगणकाला जोडलं आणि मेल उघडली. काम झाल्यावर सवयीनं ते नोंदींचं पान बघितलं. सगळ्यात वर माझीच नोंद होती, त्याच मिनिटाची. गावाच्या जागी लिहिलं होतं, लातूर.

मी नांदेडला माझ्या खुर्चीत बसलो होतो.

खात्यातून बाहेर पडलो, पुन्हा उघडून बघितलं. पुन्हा लातूर. नंतर एका जाणकाराला आडून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "काका, ते गाव अंदाजानं लिहितंय. मोबाइल कंपनीचं नेट जिथून फिरून येतं तिथलं नाव दाखवतंय. त्यावर इसवास ठेवायचा नसतो." पण मला तोपर्यंत आठवलं होतं. प्रश्नपत्रिका आली त्या दुपारीही वायर तुटली होती. प्राध्यापकांचा निरोप आला म्हणून, मेल पोचली का एवढं बघायला मी मोबाइल जोडून खातं उघडलं होतं, दोन मिनिटं. सकाळची नोंद माझी, संध्याकाळची माझी, आणि दुपारचीही माझीच. चोर ठरवून मी ज्याच्या मागे लागलो होतो, तो मी स्वतः होतो.

पेपर कोणी फोडला, की फुटलाच नव्हता, हे मला आजही ठाऊक नाही. एका माणसावर माझा संशय आहे. तो इथे लिहिणार नाही.

त्या दिवशी सचिवसाहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. नवे अधीक्षक बसले होते, पेढे वाटून झाले होते. माझी दोन वर्षं उरली होती. ती मी तशीच काढली.

मागच्या हिवाळ्यात लातूरला गेलो. त्याच्याच घरी जायचं म्हणून गेलो. तोही आता निवृत्त झाला आहे. वहिनींनी दार उघडलं, मला ओळखलं आणि तशाच आत गेल्या. तो बाहेर आला. "या दादा. जय भीम."

मी "जय भीम" म्हणालो. पहिल्यांदाच. त्यानं ते ऐकल्याचं दाखवलं नाही.

लेक बँकेत लागली आहे, जावई चांगला आहे, गुडघे दुखतात, असं सगळं बोलणं झालं. चहा आला. वहिनी दारात उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "भाऊ, ते तेव्हाचं..."

तो म्हणाला, "एक विचारू का दादा? लई दिवसांचं मनात हाय."

"विचारा ना."

"त्या दिवशी मी फोन केला न्हाई का, पासवर्ड चालंना म्हणून. तुम्ही म्हणाले, थोड्या थोड्या वेळानं टाकून बघा. तेव्हा ते बंद केलेलं तुम्हाला माहीत होतं का?"

आवाजात राग नव्हता. मेलबद्दल पूर्वी जसं विचारायचा तसंच विचारलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. अधीक्षकाची जागा गेली, ते माणसाला समजावता येतं. संस्था अशाच असतात. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ज्याला तो दादा म्हणायचा त्यानं त्याला जाणूनबुजून दारावर धडका मारायला लावलं होतं की नाही.

मी म्हणालो, "आता आठवत नाही हो भाऊ. लई वर्षं झाली."

त्यानं कप उचलून वहिनींच्या हातात दिले. "हाव," म्हणाला. "लई वर्षं झाली."

वहिनी कप घेऊन आत गेल्या. तो मला स्टँडवर सोडायला आला, नको म्हणालो तरी आला. नांदेडची गाडी लागली होती. खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "सावकाश जावा." गाडी अहमदपूरच्या पुढे गेल्यावर, शेजारची सीट रिकामी होती तेव्हा, मी ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं: मला माहीत होतं, भाऊ. मीच बंद केलं होतं, दुपारची नोंदही माझीच होती, आणि समितीपुढे मी मुद्दाम गप्प बसलो. मला माफ करा.