रोह्याला जाणारा पाच वाजताचा फोन

मंडळी, आपल्या कॉम्प्युटर नेटवर्कवर रोह्याचं टपाल, म्हणजे फोनच्या तारेवरून येणारे संदेश, सांभाळणारे सदूकाका गेले, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

माझा पेणचा कॉम्प्युटर मात्र टपाल द्यायला रोज संध्याकाळी पाचला त्यांचा नंबर फिरवत राहिला. सेटिंग बदलायचं माझ्याकडून राहून गेलं. तिकडे फोन काकू उचलायच्या आणि कानात मोडेमची पीं-पीं.

आज माफी मागायला रोह्याला गेलो.

"काकू, आजपासून नाय वाजणार."

"नको रे बंद करू. पाचला वाजला की हे म्हणायचे, चहा टाक, पेणचं टपाल आलं. मी अजून टाकते."

घरी येऊन नंबर खोडायला बसलो, तसाच उठलो.

उद्या पाचला मोडेमऐवजी मीच बोलू का? की काकूंना ती पीं-पींच हवी असेल?