खांबावरचा टीव्ही

समोरच्या घरात एक वेल्डर राहतो, एवढं बाईंना ठाऊक होतं. पण त्याच्याकडे त्यांनी नीट पाहिलं ते एका सकाळी, तो अंगणात लोखंडी खांब रोवत होता तेव्हा. खांब सरळ आहे का ते बघायला त्याने एक डोळा मिटला होता आणि त्याबरोबर तोंडही त्याच बाजूला वाकडं झालं होतं. गॅलरीत शेंगा निवडत बसलेल्या बाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली.

दोन दिवसांनी त्याने खांबाला चौकट वेल्ड केली, वर पत्रा बसवला आणि घरातला छोटा टीव्ही आणून त्या चौकटीत ठेवला.

किराणा दुकानदार फाटकाशी थबकला. "काय राव, घरात जागा पुरेना का? उद्या फ्रीज झाडाला टांगाल!"

"झाड पेलेल का, ते बघतोय," वेल्डर म्हणाला.

बाईंना काही राहवेना. पायात चपला सरकवून त्या खाली उतरल्या. "टीव्ही बाहेर कशाला हो?"

त्याने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "ताईसाठी. भाऊजी गेल्यापासून माझ्याकडेच आहे. आठ महिने झाले, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. दिवसभर टीव्हीसमोर. अशाने पाय आखडतील, असं डॉक्टर म्हणतात. मी सांगून थकलो. आता चारची मालिका बघायची तर बाहेर यावं लागेल."

"आणि नाही आल्या तर?"

"काल मालिकेत सून घर सोडून निघालीय, बाई. येईलच ती."

चार वाजता बाई गॅलरीत हजर. दार उघडलं. बारीक चणीच्या ताई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. वेल्डरने बटण दाबलं. आवाज आला, पण पडद्यावर थेट ऊन! सून दिसेना की घर दिसेना.

"यात तर नुसता सूर्य दिसतोय," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज बाईंपर्यंत आला.

वेल्डरने सगळी मापं सकाळी सातला, कामावर जाण्याआधी घेतली होती. आणि टीव्ही वळवायची सोय नव्हती. नट-बोल्ट लावणाऱ्याचा आपल्या कामावर भरवसा नसतो, असं तो गल्लीभर सांगत आलेला. गल्लीतल्या एका फाटकाची बिजागरी त्याने अशी काही जोडली होती, की फाटक बदलायचं तर भिंत पाडावी लागेल.

 त्याने टीव्ही उतरवून आत ठेवला, ग्राइंडर आणला आणि स्वतःचाच जोड कापायला घेतला. ठिणग्या उडत होत्या आणि त्याचं तोंड पुन्हा वाकडं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी खांबावर जरा रुंद पाइपचा तुकडा चढवलेला दिसला. चौकट आता त्यावर फिरत होती आणि हवी तिथे आवळायला बोल्ट होता. चारला वेल्डर पाना घेऊन उभा राहिला.

खिडकीतून आवाज आला, "डावीकडे घे."

त्याने वळवलं.

"अरे, माझ्या डावीकडे! शाळेपासून तुला डावं-उजवं कळत नाही."

त्याने पुन्हा उलटंच वळवलं. मुद्दाम की चुकून, ते बाईंना गॅलरीतून काही ताडता आलं नाही.

"थांब, हात नको लावूस!" दार उघडलं. ताई भिंतीच्या आधाराने तीन पायऱ्या उतरल्या, अंगण ओलांडून आल्या आणि दोन्ही हातांनी चौकट धरून वळवली. "हां. आता आवळ."

त्याने आवळलं. मग धावत आतून खुर्ची आणली.

याला तीन वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात टीव्ही बिघडला, तो अजून दुरुस्त व्हायचाय. ताई मात्र चारला बाहेर येतात, आणि खुर्चीत बसायच्या आधी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत एक फेरी मारून येतात. वेल्डरच्या कामाच्या पिशवीत हल्ली एक पाना असतो.