झाकणावर रंगाचे दोन हात

गाडी बंद पडली की तुम्ही आधी काय शोधता, बिघाड की माणूस? खरे सांगा. मी माणूस शोधते. लहानपणापासून मला तेच जमत आले आहे.

त्या सकाळीही मी तेच करत होते. ढाणकीत आमच्या वस्तीच्या तोंडाशी पंचकमिटीचा जुना, लांब नाकाचा ट्रक उभा होता. मागे फुलसावंगीच्या लग्नासाठी खुर्च्या आणि सतरंज्या भरलेल्या, आणि इंजिन चालू व्हायचे नाव घेत नव्हते. आमचा ड्रायव्हर शंकरदादा सेल्फ मारून मारून बॅटरीचा जीव काढत होता. बॉनेटभोवती दहा माणसे जमली होती आणि दहाही जणांना बिघाड कळला होता. मी वैतागून देवराव मामांना फोन लावला. देवराव मिस्त्री माझे सख्खे मामा नव्हेत. आईच्या गावचे, म्हणून मामा. या ट्रकला चाळीस वर्षे त्यांच्याशिवाय कुणाचा पाना फारसा लागला नव्हता. फोन मामींनी उचलला. मी काही ऐकून न घेताच सुरू झाले, "मामी, मामाले फोन द्या. गाडी बसली पुन्हा. मागच्याच आठवड्यात हात लावला होता त्यायनं, मंग अशी कशी बसली म्हणा!" मामी म्हणाल्या, "बाई, ते गेले नं... आत्ताच. च्या घेऊन राह्यले होते." मी फोन कानाला तसाच धरून उभी. शंकरदादा स्टेअरिंगवरून ओरडला, "काय म्हणते मामा? एअर काढू का?"

या माणसाशी माझे शेवटचे बोलणे तक्रारीचे होते, आणि तेही त्यांच्यापर्यंत पोचले नाही. मात्र माझी आधीची एक तक्रार साऱ्या गावात पोचली होती. हा लेख तिच्यासाठी लिहिते आहे.

आधी मामा कसे होते ते सांगते. त्यांच्यासोबत बंद गाडीपाशी उभे राहणे ही शिक्षा होती. सगळ्या जगाला घाई असायची आणि हा माणूस टाकीपासून सुरुवात करायचा. नेहमी. तासाभरापूर्वी स्वतःच गाडी तपासलेली असली तरी टाकीपासून. आधी झाकण काढायचे, आत निंबाची काडी बुडवायची, ती डोळ्यांपाशी धरून ओल पाहायची. मग टाकीतून निघालेला पाइप, मग हाताने दाबायचा पंप, मग फिल्टर, मग मोठा डिझेल पंप, शेवटी नोझल. एकेक जोड सैल करायचा, डिझेल तिथवर आले की नाही हे बोटाने पाहायचे, जोड घट्ट करायचा आणि मगच पुढे सरकायचे. एकदा मी कावून म्हणाले, "मामा, काटा अर्धी टाकी दाखवून राह्यला. काडी कायले घालता?"

"काट्यानं पाह्यलं. तू पाह्यलं का?"

"काटा खोटं बोलते का?"

"काटा कायले खोटं बोलन बाई. पन तो बिचारा बिघडला तं त्याले सांगता येत नाई."

गाडीला धक्का मारायला ते कधी परवानगी देत नसत. वीस पोरे बाह्या सरसावून तयार, आणि हे चाकापुढे दगड लावून बसलेले! "धक्क्यानं चालू होईन बी. पन बंद काहून पडली थे धक्का सांगत नाई," असे म्हणायचे. ऐकायला छान वाटते. उन्हात दोन तास उभे राहून ऐकले की वाटत नाही.

आता मी कशी होते तेही सांगते. माझे वडील आयुष्यभर पत्रके वाटत आले. आमच्या घरात बाराखडीच्या आधी पत्रके आली. फळ्यांवर डब्यांखाली पत्रके, वह्यांना पत्रकांची कव्हरे. 'जाहीर निषेध' हे शब्द मी जोडाक्षरे शिकण्याआधी वाचत होते. अन्याय झाला की त्याच दिवशी लिहायचे, दुसऱ्या दिवशी छापायचे आणि नाव घेऊन लिहायचे, हे मी घरातच शिकले. मला त्याचा आजही अभिमान आहे. या तालुक्यात नाव न घेता लिहिलेल्या कागदाला कुणी विचारत नाही. मामा मला 'संपादक बाई' म्हणायचे. माझे प्रत्येक पत्रक ते मागून घ्यायचे, आणि वाचतो म्हणून नव्हे तर मागची बाजू कोरी असते म्हणून घेतो, असे तोंडावर सांगायचे.

चार वर्षांपूर्वीची चौदा एप्रिलची जयंती. मिरवणुकीत फोटो आमच्या ट्रकवर असतो. तो मान या ट्रकचा आहे, तो दुसऱ्या गाडीला द्यायचा नाही, असा वस्तीचा रिवाज. त्या वर्षी आम्ही तरुण पोरापोरींनी ठरवले की ट्रक पूर्ण निळा करायचा. आदल्या दिवशी मी स्वतः सोबत जाऊन टाकी भरून आणली आणि सगळे रंगाला लागलो. टाकी माझ्या वाट्याला आली होती. तिचे झाकण गंजके, कळकट. एवढा देखणा ट्रक आणि हे असले झाकण? मला ते बघवेना. मी त्यावर रंगाचा एक हात दिला, तो वाळल्यावर आणखी एक दिला. मोठ्या मनाने, घट्ट रंगाचे दोन हात.

दुसऱ्या दिवशी ट्रक झोकात निघाला आणि दुसऱ्या चौकात बंद पडला. मामा सोबतच चालत होते. पांढरा सदरा घातलेला, तरी पाना खिशात. सवयीने ते टाकीकडे वळले. टाकीवर झालर लावलेली, वर हार. मी आडवी झाले. "मामा, टाकी मी सोता भरून आणली काल. तिथून कायले सुरू करता? लोक थांबून राह्यले, पुढे पाहा ना!" त्यांनी माझ्याकडे पाहिले, मागच्या गर्दीकडे पाहिले, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच टाकी सोडून दिली. सरळ फिल्टरचा जोड सैल केला, पंप दाबला, हवा काढली. गाडी चालू झाली. टाळ्या. पुढच्या चौकात पुन्हा बंद. पुन्हा फिल्टर, पुन्हा हवा, पुन्हा शंभर पावले. सदऱ्यावर डिझेल, कपाळावर घाम. कुणी म्हणाले, "देवराव, गाडी दुरुस्त करून राह्यले का तिच्या पाया पडून राह्यले?" लोक हसले. चौथ्यांदा बंद पडली तेव्हा कमिटीने फोटो उतरवून ट्रॅक्टरवर ठेवला आणि मिरवणूक पुढे गेली. मामा आणि ट्रक रस्त्याच्या कडेला राहिले.

मी संतापले होते. चाळीस वर्षांचा मान मोडला होता आणि मला माणूस हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रक छापून झाले. मथळा होता, 'समाजाच्या गाडीशी बेफिकिरी कुणाची?' आणि खाली मामांचे नाव, पूर्ण नाव. मजकूर चांगला जमला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण जमला होता. दुपारपर्यंत ते पत्रक ढाणकीत वाटले, आजूबाजूच्या खेड्यांत पाठवले, लग्नकार्याला आलेल्या पाहुण्यांच्या हातात दिले.

त्याच दुपारी मामांचा निरोप आला. ट्रकपाशी गेले. ते एकटेच होते, टाकीपाशी उकिडवे बसलेले. आदल्या दिवशीची झालर घडी करून बाजूला ठेवली होती. म्हणाले, "अर्धा तास चालवली, मंग बसली. आता आयक." त्यांनी झाकण फिरवले. सुस्सऽ करून टाकीने आत हवा ओढली, एखादा माणूस पाण्याबाहेर येऊन श्वास घेतो तशी. मग त्यांनी झाकण उलटे करून मला दाखवले. त्याला बारीक भोक असते. डिझेल खाली जाते तशी त्या भोकातून हवा आत येते. भोक बुजले की टाकी आतून आवळते आणि डिझेल सोडत नाही. फिल्टरचा जोड सैल केला की तिथून हवा शिरायची, गाडी थोडी चालायची आणि पुन्हा गुदमरायची. मामांनी खिशातून सुई काढली, भोकात घातली. सुईच्या टोकाला निळ्या रंगाचा वाळका तुकडा लागून आला.

"रंग कोनं मारला वो, संपादक बाई?"

मी म्हणाले, "मामा, माहं चुकलं. मले माफ करा."

"मले सांगून काय फायदा? मले तं माहीतच हाय," ते म्हणाले. "ज्यायनं थो कागद वाचला त्यायले सांग नं."

मी हो म्हणाले. पुढच्या पत्रकात छापते म्हणाले. पुढचे पत्रक पाण्याच्या टाकीवर निघाले, त्यात जागा उरली नाही. त्याच्या पुढचे शिष्यवृत्तीवर. मग एसटीच्या बंद झालेल्या फेरीवर. प्रत्येक वेळी काहीतरी अधिक मोठे, अधिक तातडीचे असायचे, आणि ते खरेच असायचे. ही सबब इतकी चांगली होती की मला चार वर्षे पुरली. त्या चार वर्षांत जयंतीला ट्रक तपासायला कमिटी उमरखेडहून दुसरा मिस्त्री आणत होती आणि मामा पानठेल्यापाशी उभे राहून बघत होते. वर्षभराच्या कामाला मात्र मामाच. येणारा-जाणारा गमतीने विचारायचा, "काहो देवराव, यंदा तं नाई नं अडवत मिरवणूक?" तेही हसायचे. मी त्यांना टाकीपासून अडवले होते, हे त्यांनी एकदाही कुणाला सांगितले नाही. मला या गोष्टीचा आजही राग येतो. बोलायचे होते ना, मामा! माझे नाव घ्यायचे होते. मी तुमचे घेतलेच होते ना?

ते गेल्यावर ट्रक तीन आठवडे तसाच उभा राहिला. फिल्टर बदलला, बॅटरी बदलली, धक्का मारून झाला, ज्याने त्याने आपली अक्कल चालवून पाहिली. मामांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मामींनी मला आत बोलावले आणि सुतळीने बांधलेला गठ्ठा हातात दिला. "तुह्येच कागद व्हय. मले वाचता येत नाई. तू घेऊन जाय." माझी सगळी पत्रके होती. कोऱ्या बाजूंवर कुठे नटाचे माप, कुठे कुणाच्या गाडीचा नंबर, कुठे पंपाचे चित्र. त्यातच ते पत्रक सापडले. मागे पेन्सिलने डिझेलचा अख्खा रस्ता काढलेला, टाकीपासून नोझलपर्यंत, प्रत्येक जोडाला आकडा. वर लिहिले होते, 'मी नसलो तं शंकरसाठी.' आणि टाकीच्या झाकणापाशी, एक नंबर, त्याखाली दोन रेघा.

दुसऱ्या दिवशी शंकरदादाने आणि मी तो कागद बॉनेटवर दगडाखाली ठेवला. शंकरदादा म्हणाला, "झाकण तं ठीक हाय ना बाई, पुढे जाऊ." मी म्हटले, नाही. झाकण काढले, भोकात सुई घातली, काडी बुडवून ओल पाहिली. दोन नंबर. तीन नंबर. हातपंपाजवळच्या रबरी पाइपाला केसाएवढी चीर होती, तिथून हवा शिरत होती. पाइप बदलला, हवा काढली. दुसऱ्या सेल्फला इंजिन धडधडले. बॉनेट थरथरले, दगड सरकला आणि कागद उलटला. वरच्या बाजूला माझा मथळा होता, आणि त्याखाली त्यांचे नाव.

ती सुई त्यांनी चार वर्षांपूर्वीच एका बारीक तारेने झाकणाच्या साखळीला बांधून ठेवली आहे. झाकणाचा निळा रंग आता उडत आला आहे. कमिटी म्हणते नव्याने देऊ. मी देऊ देणार नाही.

आणि आता तुमच्याकडे मागणे. ढाणकी, फुलसावंगी, महागाव, उमरखेड, जिथे जिथे ते पत्रक गेले तिथे जुन्या वहीच्या कव्हरात, डब्याखाली, कपाटाच्या तळाशी ते अजून असेल. शोधा. फाडू नका. उलटे करा आणि कोऱ्या बाजूवर पेनाने लिहा, 'देवराव मिस्त्रींची चूक नव्हती. झाकणाला रंग हे पत्रक लिहिणारीने मारला होता, आणि त्यांना टाकी बघू दिली नाही तेही तिनेच.' मग ते घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ज्या घरात ते पत्रक मोठ्याने वाचले गेले होते, त्या घरात तर नक्की.