सगळ्यांच्या मागून येणारे दस्तूमामा

दस्तूमामा रस्त्याने चालले की मधेच थांबून मागे वळून बघायचे. बाजाराला निघालेले असोत नाहीतर कुणाच्या मयताला, ही खोड काही सुटली नाही. पोरं चिडवायची, "मामा, भूत लागलंय का मागं?" मामा हसायचे. "म्होरचं दिसतंयच की रं," म्हणायचे, "मागचं बघाय लागतंय."

त्यांची आणि आमची भिंत एकच. लग्न होऊन मी सातारा जिल्ह्यातल्या त्या गावात आले, तेव्हा पहिल्या सकाळी जाग आली ती त्यांच्या कापूस पिंजण्याच्या आवाजाने. नाव दस्तगीर पिंजारी. आजूबाजूच्या गावांतल्या गाद्या त्यांच्याच हातच्या. अंगाने काटकुळे, भुवयांत कायम कापूस अडकलेला. अमीनामामी त्यांची बायको, माहेर रहिमतपूरचं. पोरबाळ नव्हतं, म्हणून दोघं अख्ख्या गल्लीच्या पोरांवर जीव टाकायची.

गावाबाहेर रणमाळ. जुन्या काळी तिथे मोठी लढाई झाली. जिंकलं कोण, यावर माझे यजमान, शाळेतले मास्तर, आणि पाटील दरवर्षी तावातावाने भांडायचे. पण एवढं मात्र सगळे मान्य करत, की फौजा निघून गेल्या, जखमी माळावर पाणी पाणी करत राहिले आणि त्यांच्यासाठी कुणी मागे फिरलं नाही. म्हणून चैत्रातल्या जत्रेला माळावर पळण्याची शर्यत. देवळापासून सुटायचं, माळाच्या टोकाला लढाईत पडलेल्यांचे कोरीव दगड आहेत, त्या वीरगळांना हात लावून परत यायचं. आणि सगळ्यांच्या मागून एकाने पाण्याचा तांब्या घेऊन पळायचं. कुणी पडलं, कुणाच्या पायात गोळे आले, तर त्याला पाणी पाजून, धरून आणायचं. तो आल्याशिवाय देवळापुढचं निशाण उतरायचं नाही, पंगत बसायची नाही. हा मान पिंजाऱ्यांच्या घरात कितीतरी पिढ्यांचा.

मान कसला, मला तर शिक्षाच वाटायची! कारण पंचक्रोशीत मामांच्या तोडीचं पळणारं कुणी नव्हतं. एकदा पाटलांचा खोंड दावं तोडून सुटला. तरणी पोरं धापा टाकत बांधावर बसली आणि मामा त्याला ओढ्यापलीकडून धरून घेऊन आले. मी विचारलं, "मामा, एकदा तरी पुढं पळावं असं वाटत नाही?"

"वाटतंय की. लय वाटतंय," मामा म्हणाले. "पर पडल्यालं मानूस मान वर करून बघतं न्हवं, तवा त्याला कुनीतरी येताना दिसाय पायजे."

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि त्यानंतरच्या वर्षी मामांच्या छातीत कळा यायला लागल्या. कराडच्या डॉक्टरांनी बजावलं, पळायचं नाही. फिरकीच्या झाकणाचा तो पाण्याचा तांब्या घेऊन मामा घरोघर हिंडले. कुणीतरी मागून पळा रं, म्हणून. पोरं खी खी करून हसली, "शेवटी यायला कोन पळतंय गड्या!" संपत नावाचा एक तरणा पोरगा होता, सगळ्यांत तेज. तो तेवढा नीट बोलला. "मामा, मला मिलिटरीत जायचंय. पयला आलो तर गावातलं पेन्शनीतलं सुभेदार मला भरतीला नेनार हायत. शेवटी येऊन कसं चालंल?"

"बराबर हाय तुजं," मामा म्हणाले आणि घरी आले.

मामींनी पाय धरले. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं. "मान गेला खड्ड्यात. तुमी जाऊ नगा."

"आगं, कुनी माळावर ऱ्हायलं तर?"

मामा गेलेच. त्या दिवशी ऊन असं, की पाय टेकवत नव्हता. संपत पहिला आला. हलगी कडाडली, गुलाल उधळला, त्याला खांद्यावर घेऊन पोरं नाचली. मग एकेक करत बाकीचे आले. शेवटी एक गडी लंगडत आला. "मामांनी पानी पाजलं," तो म्हणाला, "म्हनले, तू हो म्होरं, मी आलोच."

आम्ही थांबलो. भात गार झाला. लोक कुरकुरायला लागले. मामा कुणाला तरी घेऊन येत असतील, असं जो तो म्हणत होता. अरे, सगळी आली होती की! मग मामा आणणार होते कुणाला? पण गावाला मागे बघायची सवयच नव्हती. ते काम मामांचं होतं ना!

मामी उठल्या. "आवं, कुनीतरी बघून या."

"येत्याल की मामी. त्यांचं कामच हाय ते," पाटील म्हणाले.

मामी कुणाकडे न बघता अनवाणीच निघाल्या. मी त्यांच्यामागून धावले. मागून गुलालाने माखलेला संपत आला आणि आम्हाला ओलांडून पुढे सुटला.

मामा वीरगळांपाशी पडले होते. एक हात दगडावर. तांब्या शेजारी, त्यात पाण्याचा थेंब नव्हता. सगळं त्या गड्याला पाजलेलं. मामींनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, भुवईतला कापूस बोटाने काढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उठा की. समदी आली घरला."

संपत गुडघ्यात डोकं घालून ओक्साबोक्शी रडत होता. मला रडूही येईना. सगळ्या गावाचा इतका राग आला, की तो अजून पुरता गेलेला नाही.

पहिला येऊनही संपत त्या वर्षी भरतीला गेला नाही. पुढच्या जत्रेला तो मामींच्या दारात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "मामी, तांब्या द्या." सुभेदार खूप चिडले, पण त्याने ऐकलं नाही. सगळ्यांच्या मागून पळाला. उन्हं उतरताना एका पोराला धरून घेऊन तोच शेवटी आला. म्हातारे गुरव निशाणाची दोरी सोडायला उठले, तर संपतने त्यांचा हात धरला.

"थांबा. आजून येत्यात."

आम्ही माळाकडे बघितलं. अमीनामामी येत होत्या. चपला हातात, पदर डोक्यावर, धिम्या पावलांनी चालत.

"मामी, तुम्ही कधी गेलात?" मी विचारलं.

"ह्यो शेवटचा," संपतकडे हात करून मामी म्हणाल्या. "ह्येच्या मागं कुनी नगं व्हय?"

देवळापाशी आल्यावर त्या थांबल्या आणि मामा बघायचे तशा मागे वळल्या. माळ रिकामा होता. मामी बराच वेळ बघत राहिल्या.  मग त्यांनी डोळे पुसले आणि गुरवांना म्हणाल्या, "उतरा आता निशान."