मेमरीतलं एक मोकळं घर

आमचा दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. अजूनही करतो. गुडघे पार गेलेत, पण पट्टा बांधून शिडी चढतो. पण कोणी त्याला विचारलं, काय करता, तर तो लिफ्टचं नाव घेत नाही. म्हणतो, ‘‘जुन्या मशीनसाठी प्रोग्राम कंपाइल करतो.’’ समोरचा लगेच विषय बदलतो. मला मेलं तेव्हा हसूच येतं.

मागच्या खोलीत चार जुने घरगुती संगणक, तीन गेम कन्सोल आणि दोन डबडे टीव्ही. टीव्हीला जोडून कॅसेटवरून चालवायचे ते संगणक, आमच्या शाळेच्या दिवसांतले. आज कोणी नवा गेम लिहिला तर तो या मशीनना कळेल अशा आकड्यांत उतरवावा लागतो, आणि ते काम करणारा कंपायलर दादानं स्वतः लिहिला होता. अकरा वर्षं! कामावरून यायचा, हातपाय धुवायचा की मागच्या खोलीत. लोक प्रोग्राम पाठवायचे, हा ते खऱ्या मशीनवर चालवून बघितल्याशिवाय परत द्यायचा नाही. नव्या संगणकावर जुन्या मशीनची नुसती नक्कल करून बघणं चालत नाही म्हणायचा. ‘‘नुसता फोटो बघून लग्न ठरवशील का?’’ हे त्यानं मला विचारलेलं, लग्न स्वतःचं न झालेल्या माणसानं.

या खोलीत बाहेरचा एकच माणूस यायचा, दादाचा मित्र. बिघाड ऐकूनच रोग सांगायचा म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणायचे. शिकलेला, बोलण्यात गोड. दर रविवारी आमच्याकडे जेवायला. आमटी त्याला दोनदा लागायची, आणि मी तिसऱ्यांदाही वाढायचे.

गेल्या वर्षी संग्रहालयात जुन्या संगणकांचं नवं दालन निघालं. मशीन चालती ठेवायला, त्यांच्यासाठी प्रोग्राम बनवायला एक माणूस हवा होता. कायमची नोकरी, बसून करायची. दादानं ती जाहिरात चार वेळा वाचली. त्याला दुसरं काही नकोच होतं. अर्जासोबत केलेलं काम जोडायचं होतं, म्हणजे कंपायलर आलाच. पण दादाला दोन ओळींचं पत्र लिहायचं तर घाम फुटतो. डॉक्टर म्हणाला, मजकूर मी लिहितो. मी वकिलाकडे टायपिंग करते, तर टाइप मी करायचं ठरलं.

डॉक्टर माझ्या ऑफिसात आला, मजकूर घेऊन. वर नाव डॉक्टरचं स्वतःचं होतं, आणि केलेलं काम म्हणून दादाचा कंपायलर. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, ‘‘अगं, त्याच्याकडे पदवी नाही. पहिल्याच चाळणीत गळेल. मी आत गेलो की त्याला ओढून घेतोच. आत्ता सांगू नकोस, उगाच मन मोडेल त्याचं.’’

मला पटलं. काय सांगू! मी टाइप केलं, दोनदा तपासलं आणि पाठवलं.

डॉक्टरची निवड झाली. दादाला वाटलं, डॉक्टरनंही वेगळा अर्ज केला असेल आणि आपला नापास झाला. चेहरा उतरला, पण म्हणाला, ‘‘चला, आपल्यातलाच एक गेला.’’ मी वाट बघत राहिले, आज बोलावेल, उद्या बोलावेल. रविवारची आमटी उरायला लागली, तरी मी वाट बघत राहिले.

दालनाच्या उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. एका जुन्या संगणकावर गेम चालू होता आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर त्याची मेमरी दाखवली होती, चौकोनी घरं. प्रोग्राम जिथे भरला तिथलं घर उजळायचं. सगळी उजळली, मधलं एक सोडून.

दादा थांबला. त्याच्या स्वतःच्या मशीनमध्ये ते एक घर मेलेलं होतं. चिप मिळेना, म्हणून त्यानं कंपायलरलाच शिकवलं होतं, हे घर आलं की उडी मारून पुढे जा. पुढे चिप मिळाली, बदलली, पण ती उडी काढायची राहून गेली. जगात दुसऱ्या कुणाला त्या उडीची गरजच नव्हती.

संग्रहालयाच्या बाईंनी डॉक्टरला विचारलं, ‘‘हे एकच घर मोकळं का हो?’’

डॉक्टरनं दादाकडे बघितलं. खरंच बघितलं, रविवारी बघायचा तसं. दादा त्या मोकळ्या घराकडेच बघत होता. मग डॉक्टर हसून म्हणाला, ‘‘पुढच्या सुधारणांसाठी मुद्दाम राखून ठेवलंय.’’ बाईंनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, पाटीवर घालू.

बसमध्ये माझा तोल सुटला. ‘‘आयत्या बिळावर नागोबा! खाल्ल्या घरचे वासे मोजले मेल्यानं! दादा, आपण उद्या जाऊ. त्या उडीचं कारण फक्त तुला ठाऊक आहे, बाईंना सगळं सांगू...’’

‘‘अर्ज तू टाइप केलास ना?’’ दादानं विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. मी हो म्हणाले.

‘‘नाव कुणाचं होतं?’’

मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं, पदवीचं, चाळणीचं, ओढून घेण्याचं. सांगता सांगता माझं मलाच ते इतकं पोकळ वाटायला लागलं की मी मध्येच थांबले.

‘‘त्याचं सोड,’’ दादा म्हणाला. ‘‘तो परका. तू मला एकदा विचारायचंस तरी.’’

तो चिडला असता तर बरं झालं असतं. मी पाय धरले असते, रडले असते, मिटलं असतं. तो माझ्याशी बोलतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं विचारतो. नवा प्रोग्राम चालला की पूर्वी हाक मारायचा, ‘‘ये गं, बघ!’’ मी हातातलं काम टाकून जायचे आणि काही कळत नसलं तरी वा म्हणायचे. आता मागच्या खोलीतून गेमचा आवाज येतो, म्हणजे काहीतरी चाललेलं असतं. मी ओट्याशी उभी राहून ऐकते. दार तो आतून लावून घेतो.